न दिसणारा भुसा

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शिरले की आधी वास येतो. ओल्या सागाचा तुरट वास, पाइनच्या राळेचा गोडसर वास आणि या दोन्हींना पुरून उरणारा प्लायवूडच्या गोंदाचा उग्र वास. रस्त्यावर टेम्पोत फळ्या चढत असतात, आतल्या बाजूला आरा मशीन ओंडक्यातून सरकत असते आणि तिच्या पायाशी भुशाचा ढीग वाढत असतो. या भुशालाही गिऱ्हाईक आहे. पोत्यांत भरून तो कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला जातो, बॉयलरमध्ये जळायला जातो. मशीनवरच्या माणसाला विचारले, धुळीचा त्रास होतो का? त्याने पायाजवळच्या ढिगाकडे बोट दाखवले. धूळ खालीच तर बसते, असे त्याचे म्हणणे.

जी खाली बसत नाही, ती धूळ या लेखाचा विषय आहे.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'श्वास' हा विषय दिला. पुण्यात श्वासाविषयी बोलायचे म्हटले की वाहने आणि बांधकामे आठवतात. इथल्या आयआयटीएम संस्थेच्या, हवेची प्रत मोजणाऱ्या 'सफर' यंत्रणेमुळे पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) हा शब्दही पुणेकरांच्या तोंडी रुळला आहे. पण याच शहरात बंगल्यांच्या गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या पत्र्याखाली, सोसायटीतल्या जास्तीच्या खोलीत हौसेने सुतारकाम करणारी माणसे आहेत. कोणी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, कोणी आयटीतली तरुण मुलेमुली. टाळेबंदीत अनेकांनी पहिल्यांदा करवत हातात घेतली आणि ती नंतर सुटली नाही. करवत, रंधा, सँडर, राऊटर अशी हत्यारे जमली की पुढचा प्रश्न ठरलेला: कमी पैशात डस्ट कलेक्टर कोणता घ्यावा? त्या प्रश्नाचा माग काढत मी थोडा हिंडलो.

टॉर्चच्या झोतात

कोथरूडमधल्या एका गॅरेजमध्ये एक निवृत्त इंजिनिअर काम करतात. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गेली. गॅरेजमध्ये टेबल सॉ आहे, फळी एकसारख्या जाडीची करणारे रंधा मशीन आहे आणि कोपऱ्यात दोन अश्वशक्तीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर. त्याची रचना सोपी: मधे मोटर आणि पंखा, खाली प्लास्टिकची पिशवी, वर कापडाची. पंखा भुसा ओढून मधल्या गोल डब्यात फेकतो. जड ढलपे खालच्या पिशवीत पडतात, हवा वरच्या कापडातून बाहेर जाते.

या काकांनी सागाची एक फळी रंध्यातून काढली. ढलपे होजमधून सरसर वर गेले. जमीन स्वच्छ, यंत्राचा पत्रा स्वच्छ. मग एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीचा, एक तुकडा टेबल सॉवर कापला. तरीही डोळ्यांना काही दिसेना. काकांनी शटर खाली ओढले, दिवा घालवला आणि टॉर्चचा झोत वरच्या कापडी पिशवीच्या अंगालगत सोडला. झोतात धुके होते. पिशवीच्या विणीतून अगदी बारीक धूळ संथपणे बाहेर पडत होती, वर चढत होती, छतापाशी पसरत होती. मोटर बंद केल्यावरही धुके तिथेच तरंगत राहिले. आम्ही दोघेही त्याच हवेत उभे होतो.

कारण साधे आहे. अशा स्वस्त यंत्रांसोबत येणारे कापड बहुधा ३० मायक्रॉनच्या आसपासचे असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाक-घसा ओलांडून खाली उतरू शकतात, आणि त्यातले सर्वांत बारीक फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. म्हणजे हे कापड जे पकडते ते झाडूनेही निघाले असते, आणि जे सोडते तेच छातीत जाते. वर पंखा ती बारीक धूळ खोलीभर नीट पसरवून देतो. स्थिर हवेत ५ मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास सहज घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला बारा तासांच्या आसपास लागतात. आदल्या रात्री काम करून सकाळी गॅरेज उघडणारा माणूस कालचीच धूळ श्वासात घेतो.

काकांनी नंतर वरचे कापड काढून तिथे १ मायक्रॉनचा घड्यांचा फिल्टर बसवला. टॉर्चची परीक्षा पुन्हा केली, तेव्हा झोत बराच निवळ झाला होता. ही परीक्षा फुकट आहे आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरी आहे. यंत्र घेण्याआधी दुकानदाराला अंधार करायला सांगता आला तर जरूर सांगा.

खुर्च्यांचे गाव

लाकडाची धूळ निरुपद्रवी असते हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. लाकूड नैसर्गिक, मग त्याची धूळ काय करणार? इंग्लंडमधले हाय विकंब हे गाव एकेकाळी खुर्च्या बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या नाक-कान-घशाच्या शल्यविशारद एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की त्यांच्याकडे नाकाच्या पोकळीतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फार येतात, आणि ते बहुतेक फर्निचर कारागीर आहेत. डोनल्ड अचेसन आणि मॅक्बेथ या सहसंशोधकांसोबत त्यांनी हा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकले. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. दोन्हींचा धोका सारखा असा याचा अर्थ नाही, आणि आठवड्यातून एकदा काम करणाऱ्या हौशी माणसाने घाबरून हत्यारे विकावीत असाही नाही. पण हा आजार उमटायला कित्येक दशके लागतात, त्यामुळे 'मला तर काही होत नाही' या वाक्याला अर्थ उरत नाही.

त्याआधीचे त्रास मात्र लगेच दिसतात. सतत वाहणारे नाक, सकाळचा कोरडा खोकला, दमा. साग आणि शिसव या आपल्या सर्वांत लाडक्या लाकडांच्या धुळीने काहींच्या कातडीवर पुरळ उठते. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला गोंदही असतो. घरगुती कामात सर्वांत बारीक धूळ उडते ती एमडीएफ कापताना आणि सँडर फिरवताना. सगळे लक्ष आधी तिथे द्यायला हवे.

एचपीचा भुलावा

बाजारात यंत्र अश्वशक्तीवर विकले जाते. एक एचपी, दीड एचपी, दोन एचपी. शेजारी सीएफएमचा आकडा असतो: मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते. हा आकडा बहुधा होज न लावता, पंख्याच्या उघड्या तोंडाशी मोजलेला असतो. होज, वळणे आणि भरत चाललेली पिशवी जोडली की तो निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर आणि डस्ट कलेक्टर ही दोन वेगळी जनावरे आहेत, आणि सर्वाधिक पैसे वाया जातात ते हा फरक न कळल्यामुळे. व्हॅक्यूमचा जोर मोठा, पाणी दोन मीटर वर ओढेल एवढा. पण हवा थोडी, बोटभर रुंद होजमधून. डस्ट कलेक्टर पाणी जेमतेम वीतभर उचलेल, पण त्यातून वाहणारी हवा कितीतरी जास्त. म्हणून सँडर, जिगसॉ, राऊटर, हातातला गोल कटर अशा बारीक तोंडाच्या हत्यारांना व्हॅक्यूम शोभतो. रंधा मशीनला तो लावला तर ढलपे पहिल्या वळणावरच तुंबतात. उलट डस्ट कलेक्टरला सँडरची बारीक होज जोडली तर दुसऱ्या टोकाला काहीच ओढले जात नाही.

भुसा पाईपात न बसता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. चार इंची पाईपात तो वेग राखायला साधारण साडेतीनशे सीएफएम हवा खरोखर वाहायला हवी. डब्यावरचा आकडा धरायचा नाही, फळीजवळ मिळणारा धरायचा. सहा इंची पाईप घेतला तर हीच गरज दुपटीहून वर जाते. लहान मोटरला रुंद पाईप जोडला की भुसा वाटेतच बसतो, तो यामुळे.

आणखी एक गोष्ट कोणत्याही डब्यावर छापलेली नसते. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवता येत नाही. ओढणाऱ्या पाईपाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढे दूर गेले की हवेचा वेग दहाव्या हिश्शावर येतो. म्हणजे चार इंची तोंड पात्यापासून चार इंच लांब असेल तर मोठ्यातली मोठी मोटरही हतबल. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यातल्या १४व्या कलमाने हेच सांगितले होते: धूळ जिथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्यावी. त्यामुळे टेबल सॉच्या खालचा भाग प्लायच्या तुकड्यांनी बंद करणे, पात्यावर ओढणीचे झाकण बसवणे, राऊटरच्या कुंपणामागे खोके करणे या दोनचारशे रुपयांच्या कामांनी जे साधते, ते मोटरचा एचपी वाढवून साधत नाही.

पुण्याच्या बाजारातला पाईप

सामान गोळा करायला रविवार पेठेतली बोहरी आळी आणि विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली पुरेशी आहे. अडचण मापांची येते. डस्ट कलेक्टरचे तोंड १०० मिलिमीटरचे. आपल्याकडे मिळणारा सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाईप ११० मिलिमीटरचा, आणि हे माप बाहेरचे. आतून तो १०४-१०५च्या आसपास भरतो. जोड ढिला राहतो आणि तिथूनच हवा चोरली जाते. काकांनी त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर क्लिप आवळली आहे. जोड घट्ट, पुन्हा सोडवताही येतो. एमसीलने कायमचा बंद केला असता तर पाईप तुंबल्यावर कापावा लागला असता.

याच पाईपांच्या जोडण्यांत 'डोअर बेंड' मिळतो. वळणावर स्क्रूने उघडणारे झाकण असते, सांडपाणी तुंबले तर साफ करायला. भुशासाठीही तो उत्तम, कारण अडकायचे ते वळणावरच अडकते. पन्हाळीसारखी खाच असलेली लवचीक होज गुळगुळीत पाईपाच्या जवळपास तिप्पट अडथळा करते, म्हणून तिचा तुकडा शेवटच्या मीटर-दीड मीटरपुरता ठेवावा. काटकोनी एल्बो टाळावा, त्याऐवजी ४५ अंशांचे दोन जोडावेत. खोली लहान असेल तर पाईपांचे जाळे करूच नये. यंत्राला चाके लावून ज्या हत्याराशी काम असेल तिथे न्यावे. दहा बाय बाराच्या खोलीत मला हीच रचना सर्वांत शहाणपणाची वाटली.

हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पाईपावर स्थिर वीज साठते आणि हाताला झटका बसतो. पाईपावर उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडली की तो त्रास जातो. आगीची खरी भीती असते ती पंख्यावर आदळणाऱ्या खिळ्याच्या ठिणगीची आणि भरलेली पिशवी रात्रभर तशीच ठेवण्याची. टिंबर मार्केटमध्ये मे २०२३ मध्ये पहाटे गोदामाला लागलेली आग पुणेकरांना आठवत असेल. तिचा भुशाच्या यंत्राशी संबंध नाही, पण लाकूड आणि भुसा एकदा पेटला की काय होते ते त्या दिवशी शहराने पाहिले.

बादलीवरचा भोवरा

व्हॅक्यूमचा फिल्टर बारीक धुळीने दहा मिनिटांत गच्च होतो आणि ओढ मरते. त्यावरचा उपाय म्हणजे सायक्लोन. शंकूच्या आकाराच्या नळकांड्यात हवा कडेने शिरते, गरगर फिरते, जड कण भिंतीला घासत खालच्या बादलीत पडतात आणि मधून जवळपास स्वच्छ हवा व्हॅक्यूमकडे जाते. पिठाच्या मोठ्या गिरण्यांत हे तत्त्व फार पूर्वीपासून वापरात आहे. घरगुती कार्यशाळेपर्यंत ते आणण्यात बिल पेंट्झ या अमेरिकी हौशी सुताराचा वाटा मोठा. लाकडाच्या धुळीने स्वतःची फुप्फुसे बिघडल्यावर त्यांनी सायक्लोनची मापे काढली आणि ती सर्वांसाठी खुली केली. प्लास्टिकचा लहान सायक्लोन आता आपल्याकडे दोन-तीन हजारांत मिळतो.

खाली बादली कोणती? बहुतेक जण रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेतात. सिंहगड रस्त्यावरच्या एका तरुण इंजिनिअर मुलीच्या बाल्कनीत अशी एक चेपलेली बादली मी पाहिली. होजच्या तोंडाशी लाकडाचा तुकडा अडकला आणि बादली आत ओढली गेली. हिशेब केला तर नवल वाटत नाही. व्हॅक्यूमचा पूर्ण जोर लागला तर फूटभर व्यासाच्या झाकणावर १४० किलोंच्या आसपास भार येतो. तिने आता बादलीच्या आत १८ मिलिमीटर प्लायचे एक कडे बसवले आहे, दुसरे झाकणाखाली. नंतर बादली चेपली नाही. त्या सायक्लोनमुळे तिच्या व्हॅक्यूममध्ये चमचाभरच धूळ पोचते.

मात्र हा छोटा सायक्लोन पिशवीवाल्या डस्ट कलेक्टरला लावू नये. त्याची वीतभर ओढ सायक्लोनमध्येच संपते.

उघडी खिडकी

परदेशातले सल्ले वाचताना आपण एक गोष्ट विसरतो. तिथे हिवाळ्यात खोली तापवलेली असते. हवा बाहेर टाकली तर ऊब जाते. म्हणून तीच हवा गाळून पुन्हा खोलीत सोडण्यासाठी महागडे फिल्टर लागतात. पुण्यात बारा महिने खिडकी उघडी ठेवता येते. स्वतंत्र बंगला किंवा गच्ची असेल तर डस्ट कलेक्टर खोलीबाहेर, पत्र्याखाली ठेवावा आणि पाईप भिंतीतून आत घ्यावा. बारीक धूळ खोलीत परत येत नाही, आवाजही अर्धा बाहेर राहतो. माझ्या मते पुण्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय हाच. पावसाळ्यात दमट भुशाने कापड चिकटते, तेवढी काळजी घ्यायची.

सोसायटीत हे चालत नाही. आपली धूळ शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडण्याचा हक्क कोणालाही नाही. आवाजाचेही तसेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ही यंत्रे जवळून त्याच्या कितीतरी वर बोलतात. दारे-खिडक्या लावून, दुपारची विश्रांतीची वेळ टाळून, शेजाऱ्यांना आधी सांगून काम करावे. मग खोलीत परतणारी हवा गाळणारा फिल्टर चांगलाच लागतो.

पैसे कशावर घालावेत

फ्लॅटमध्ये सँडर, जिगसॉ, राऊटर एवढ्यावर काम असेल तर डस्ट कलेक्टर घेऊ नका. साधा ओला-सुका व्हॅक्यूम साधारण पाच-सात हजारांत येतो. बारीक धुळीचा फिल्टर आणि हत्यार सुरू केले की आपोआप चालू होणारा सॉकेट असलेला त्याच्या दोन-तीन पट. त्याला सायक्लोन जोडा. १२५ मिलिमीटरच्या, भोके असलेल्या सँडरला हा जोड लावला की टॉर्चच्या झोतात धूळ शोधावी लागते. याहून चांगला सौदा या सगळ्या बाजारात नाही.

रंधा मशीन आणि टेबल सॉ आले असतील तर दोन एचपीचे पिशवीवाले यंत्र घ्या, तीस हजारांच्या आगेमागे. एक एचपीचे घेऊन पैसे वाचवू नका, वर्षभरात ते विकायला काढाल. सोबतचे कापड बदलून १ मायक्रॉनचा फिल्टर बसवायचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. तेवढे एकदम जमत नसतील तर मोटर थांबू द्या, फिल्टर आधी. तोवर अंगणात काम करा. यंत्राला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. टेबल सॉ आणि कलेक्टर एकाच वायरवर चालवू नका.

आणि मास्क. एन-९५ किंवा आयएस ९४७३ प्रमाणातला एफएफपी-२, चेहऱ्याला घट्ट बसणारा. यंत्र कितीही चांगले असले तरी पिशवी रिकामी करताना तो लागतोच, कारण साठवलेली सगळी धूळ त्या दोन मिनिटांत उडते.

हॉलमधला कारखाना

हौशी माणसाला निवड आहे. ज्यांना नाही ते लोक मला बाणेरच्या एका नव्या इमारतीत, आठव्या मजल्यावर भेटले. तीन बेडरूमच्या फ्लॅटचे फर्निचर चालू होते. राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, हॉलच्या मधोमध प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलेला कटर. खिडक्या बंद, कारण खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती. एमडीएफचे शटर कापले जात होते. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. एकाने तोंडाला गमछा बांधला होता. गमछ्याची वीण त्या कापडी पिशवीपेक्षाही मोकळी.

काम थांबल्यावर सफाईसाठी ब्लोअर आला. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक साइटवर हा हातातला ब्लोअर असतो. त्याने खाचांतली, ड्रॉवरमधली, टेबलावरची धूळ फुंकली आणि खोली धूसर झाली. मग त्याच धुक्यात डबे उघडून सगळे जेवायला बसले. व्हॅक्यूमबद्दल विचारले तर ठेकेदार म्हणाला, कोटेशनमध्ये तेवढी जागा नसते, दोन रुपये जास्त लावले तर काम दुसरा घेऊन जातो. तो खोटे बोलत नव्हता. कारखान्याचा कायदा त्या हॉलपर्यंत पोचत नाही. पोचतो तो आपण, ज्यांच्या घराचे काम चालू असते.

या दिवाळीनंतर तुमच्याकडे फर्निचरचे काम निघणार असेल तर काही गोष्टी ठरवून घ्या. प्लाय आणि एमडीएफ शक्य तेवढे बाजारातल्या पॅनल सॉवर कापून आणा. मोजमापे आधी दिली की अनेक दुकानदार कापून देतात. जागेवर होणाऱ्या घासकामाला सँडर व्हॅक्यूमला जोडूनच चालवायचा, हे आधी सांगा. ब्लोअर बंद, त्याऐवजी व्हॅक्यूम. एन-९५ मास्कचा एक खोका कारागिरांच्या हाती द्या, जेवायला धुळीपासून दूर एक खोली द्या. आणि कोटेशनमध्ये 'व्हॅक्यूम व मास्क' ही ओळ स्वतःहून वाढवा. पूर्ण फर्निचरच्या खर्चात ती रक्कम फार लहान असते. घासाघीस न करता ती द्या.